चावीवरची वायर

"चालू कर," डॅशबोर्डखाली डोकं खुपसून वायरमन म्हणाला.

स्टिअरिंगवर बसलेल्या मुलीने चावी फिरवली. त्याच्या हातातला टेस्ट लॅम्प पेटला.

"आता बंद कर."

दिवा विझला. म्हणजे हाच तो फ्यूज. चावी फिरवली की करंट, चावी काढली की ठणठणपाळ. समोरच्या काचेवर बसवलेल्या कॅमेऱ्याची वायर इथेच जोडायची, काम संपलं. पण त्याने मुलीला पुन्हा चालू करायला लावलं. पुन्हा बंद करायला लावलं.

"काका, सापडत नाहीये का?"

"सापडलाय गं. खात्री करून घेतो."

खात्री कसली, डोंबल! 'बंद कर' म्हटल्यावर वर तोंड काढून पोरीकडे बघायची हिंमत होत नव्हती.

मुलीचे वडील दाराशी उभे होते. गाडी मुलीची, नवीकोरी. कॅमेऱ्याची हौस मात्र वडिलांची. चार व्हिडिओ बघून आले होते आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले होते.

"डायरेक्ट फ्यूजवर देऊ नका हं. बॅटरी उतरते. चावीवरच द्या."

एरवी अशा गिऱ्हाइकाची त्याने चांगली फिरकी घेतली असती. पण ते बोलत होते त्यात काही चूक नव्हतं. इतकी वर्षं त्याने स्वतः प्रत्येकाला हेच ऐकवलं होतं.

मागच्या खोलीतून त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. बॉनेटवर कॅमेऱ्याचं रिकामं खोकं दिसलं तशी ती जागीच थांबली.

"अहो, कॅमेऱ्याचं काम परत घ्यायचं नाही म्हणाला होतात ना?"

"पोरीची गाडी आहे," तो आतूनच म्हणाला. "नवीनच चालवायला लागलीये."

तिने स्टिअरिंगवरच्या मुलीकडे एकदा पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि आत गेली.

"हिला मी एक शिस्त लावलीये," वडील कौतुकाने म्हणाले. "सांग काकांना, फोन आला तर काय करायचं?"

"गाडी कडेला घ्यायची, बंद करायची, मगच उचलायचा." मुलीने पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. "शंभरदा ऐकलंय, बाबा."

वायरमनचा हात थांबला.

त्याच्या लेकीनेही हे शंभरदा ऐकलं होतं. तिच्या गाडीतला कॅमेरा त्यानेच बसवला होता, चावीवर, बाहेरून एक वायर दिसणार नाही इतक्या निगुतीने. गेल्या वर्षी पोलिसांनी त्याला त्यातलं शेवटचं दृश्य दाखवलं. समोर मोकळा रस्ता. फोन वाजतो. "आले, आले, बाबा, जरा दम धरा," ती वाजणाऱ्या फोनलाच सांगते. गाडी शहाण्यासारखी कडेला जाते, थांबते. चावीचा खट्ट आवाज येतो आणि पडदा काळा होतो.

जेवायला येतेस ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. "हॅलो, बाबा," इतकं ऐकू आलं, आणि त्यापाठोपाठ जो आवाज आला तो अजून त्याच्या कानातून गेलेला नाही. मागून आलेलं कुठलंसं वाहन थांबलेल्या गाडीला धडक देऊन, तिच्या समोरूनच पसार झालं. कोणतं, कोणाचं, कोणालाच सांगता आलं नाही. कॅमेरा जागेवर होता, काच स्वच्छ होती, काम चोख होतं. एखाद्या कामचुकार वायरमनने डायरेक्ट फ्यूजवर बसवला असता, तर चावी बंद केल्यावरही चालू राहिला असता.

"झालं का, काका?"

"झालंच."

त्याने टेस्ट लॅम्पचं टोक शेजारच्या फ्यूजला लावलं. चावी बंद असूनही दिवा पेटला. वायर त्याने तिथे जोडली, फ्यूजचं झाकण बसवलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

मुलगी चावी घेऊन खाली उतरली. काचेवरचा कॅमेरा चालूच होता, त्याचा बारका लाल दिवा लुकलुकत होता.

"अहो, हा बंद का होत नाहीये?" वडील आत वाकले. "डायरेक्ट दिलात की काय? इतकं बजावून सांगितलं तरी? बॅटरी उतरेल ना!"

"उतरेल. उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज होते, साहेब."

"आणि दर वेळी तुम्हाला फोन करत बसू?"

"करा. जिथे असेन तिथून येईन, पैसे नाही घेणार." त्याने हात पुसायला फडकं घेतलं, पण पुसले नाहीत. मुलगी त्याच्याकडे बघत होती. तो तिच्या वडिलांना म्हणाला, "मला कधीही करा. फक्त ती रस्त्यावर असताना तिला करू नका."