शेवटचं नाव

“आणि…” एवढं म्हणून चर्चचे पाळक थांबले.

डोळे मिटलेले, हात जोडलेले, समोर सूपची वाफ. टेबलापलीकडे त्यांची मेहुणी मान खाली घालून बसली होती. पन्नाशी केव्हाच उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत आपल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं, ही या घराची पद्धत. लेकीचं नाव घेऊन झालं, मग जावई, नातू, वरच्या मजल्यावरचा खोकणारा शेजारी, धाकटीही. बायकोचं नाव नेहमी सगळ्यात शेवटी. ते आलं की प्रार्थना संपली असं समजून ती आमेनची वाट न बघता वाढायला उठायची.

तिला मातीत ठेवून अजून आठवडाही झाला नव्हता.

“आमेन,” पाळक एकदम म्हणाले. चमचा उचलला, सूपमध्ये बुडवला आणि तसाच ठेवून दिला.

“भाऊजी, एक नाव राहिलं.”

“राहिलं नाही. गाळलं.”

“माझ्या बहिणीचं नाव गाळलंत?”

“ती देवाजवळ पोचली, धाकटे. आता तिच्यासाठी मागायचं काही उरलं नाही. शास्त्रात कुठेही…”

“झालं यांचं सुरू!”

हे भांडण दोघांच्या चांगलं अंगवळणी पडलेलं. धाकटी मेणबत्त्या, संत आणि जपमाळांच्या जुन्या चर्चमधली. मोठी बहीण लग्न करून पाळकांच्या नव्या पंथाच्या मंडळीत आली, धाकटी जागची हलली नाही. पाळक म्हणायचे, शास्त्रात असेल तर दाखव. धाकटी म्हणायची, ते शास्त्र छापून तुमच्या हातात पडेपर्यंत जपलं कोणी? आमच्याच लोकांनी ना? मग त्यांचं पुस्तक तेवढं खरं, आणि त्यांच्या प्रार्थना टाकाऊ? आवाज चढायला लागले की बायको दोघांच्या मध्ये गरम भांडं आणून आदळायची. मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं, हे तर पाळकांचं उपदेशातलं ठेवणीतलं वाक्य. मंडळी दर वेळी हसायची. पहिल्या बाकावर बसलेली बायकोसुद्धा, जणू पहिल्यांदाच ऐकतेय अशी हसायची.

धाकटीने पाव मोडला, पण तोंडात घातला नाही.

“रोज जेवायच्या आधी एवढी सगळी नावं घ्यायची, हे कुठल्या शास्त्रात आहे हो?”

“ती आपल्या घरची पद्धत आहे.”

“मी तरी दुसरं काय म्हणते इतकी वर्षं?”

एरवी पाळकांनी तिला असं सुटू दिलं नसतं. शास्त्रातली तीन वचनं तोंडावर फेकली असती. आज वचनं आठवत होती, पण काढून दाखवायची इच्छाच होईना. बायकोसाठी काही मागायचं नाही, हे व्यासपीठावरून सांगताना किती सोपं होतं. टेबलावर बसून ते जमत नव्हतं. त्यांना रडू येत होतं आणि धाकटीसमोर रडायची लाजही वाटत होती.

“एकदा एक बाई आली होती माझ्याकडे,” ते म्हणाले. “तिचा तरणा मुलगा गेला होता. मला म्हणाली, रविवारी प्रार्थनेत नुसतं त्याचं नाव घ्या, बाकी काही नको. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग पुस्तक उघडून समजावून सांगितलं आणि घरी पाठवली. समजलं म्हणाली बिचारी. परत कधी आली नाही.”

धाकटीने हातातला पाव खाली ठेवला.

“तिला नाही म्हटलं. आज माझ्यावर वेळ आली म्हणून मी हो म्हणू? असला कसला पाळक मी?”

धाकटीने त्यांच्यासमोरचं सूप थोडं बाजूला सरकवलं आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. इतक्या वर्षांच्या भांडणात हे पहिल्यांदाच.

पाळक म्हणाले, “तुमच्याकडे चालतं ना? मग तू म्हण. मी आमेन म्हणेन. तेवढं… तेवढं चालेल.”

धाकटीने डोळे मिटले. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना ती पाठ असलेल्या गोष्टी म्हणतात तशी भरभर म्हणून गेली. विसावा मागितला, उजेड मागितला, मध्ये बहिणीचं नाव आलं तिथे तेवढी अडखळली. शेवटाला येऊन थांबली.

आमेन येईना.

तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं. बदलला की काय विचार? पाळकांचे डोळे घट्ट मिटलेले होते, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ओठ हलत होते.

“प्रभू, आधी त्या बाईच्या मुलाला सांभाळ,” ते म्हणाले. “त्याचं नाव मी तेव्हा विचारलंच नाही. तुला ठाऊक असेल.”

धाकटीच्या हातातला त्यांचा हात घट्ट झाला.

“आणि आमच्या हिचा डावा गुडघा दुखतो रे. तिथे जिना असला तर हिला हळूहळू चढू दे, घाई करू नकोस. दुखतंय म्हणून ती आपणहून सांगायची नाही. तूच विचार.”