काठोकाठ चहा

"वजन किती न्यायचंय, ते सांगा आधी," सिद्धोधन म्हणाला. त्याने जुना शॉकप दोन्ही हातांनी दाबला. तो कसलाही विरोध न करता आत गेला. अंगावरून तेलाचे ओघळ उतरले होते. "ह्याच्यात जीव न्हाई आता. नवा कोणता टाकायचा ते वजनावर ठरतं."

"सत्तर किलो," तात्याराव म्हणाले.

"पिकपमधी?"

"माणूस न्यायचंय. पुढं, माझ्या शेजारी. अंगाला हिसका बसता कामा नये. वाडीपासून ह्या फाट्यापर्यंत, सात किलोमीटर. तेवढंच संभाळायचं हाय."

तात्याराव वाडीचे बागायतदार. त्यांच्या पिकपमधून आजवर मोसंबी गेली, खत गेलं, एकदा गणपतीही गेला. हिसक्याची चौकशी यांपैकी कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. सिद्धोधनही वाडीचाच. फाट्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि हातात उजवा-डावा न मानणारं कसब होतं. त्याने तात्यारावांकडे जरा निरखून पाहिलं.

"वैष्णवी आलीय म्हणं बाळंतपणाला. आमची रोहिणी सांगायली होती."

"आठवा सरला," तात्याराव म्हणाले आणि फळीवरच्या खोक्यांकडे पाहू लागले.

सिद्धोधनने हातातलं खोकं परत ठेवलं. "हे गॅसचे. ताठ असतेत. ओझं वाहायला ठीक, पण रिकाम्या गाडीत माणसाची हाडं मोजतेत. तुमाला तेलाचे पाहिजेत. सावकाश दबतील, सावकाश उठतील."

"तेच टाक. चारी चाकांना."

तो गाडीखाली शिरला. नवा शॉकप लावण्याआधी त्याने उभा धरून पाच-सहा वेळा दाबला, आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून. जुने रबरी बुश फेकून नवे घातले. नट मात्र अर्धवटच आवळले. चाकं जमिनीवर टेकल्याशिवाय शेवटचा पीळ द्यायचा नसतो. गाडी अधांतरी असताना आवळलं की रबर मुरगळतं आणि महिन्याभरात फाटतं. तात्याराव स्टुलावर बसून हे सारं मन लावून पाहत होते. नीट केलेलं काम पाहण्यात त्यांना मनापासून आनंद वाटे.

"गेल्या साली रोहिणीला ह्याच रस्त्यानं आणलं," गाडीखालून आवाज आला. "ऑटोत. आठवाच होता. दवाखान्यात पोचलो तवा डॉक्टरीणबाई म्हणल्या, कशातून आणलं हो हिला."

पाना फिरल्याचा आवाज झाला.

"बाळ हाती लागलं न्हाई."

नट कितव्या नंबरचा आहे हे सांगावं, अशा स्वरात तो बोलला होता. रस्ता तेव्हा चार महिन्यांचा होता. पोटातल्या बाळापेक्षाही लहान.

"आपल्या हातात काय असतं, सिद्धोधन," तात्याराव हळहळले.

"पाना असतो की, तात्या."

गाडी जॅकवरून उतरली, नट पुरते आवळले गेले. तात्यारावांनी शेजारच्या टपरीवरून चहाचा पेला आणवला आणि तो काठोकाठ भरून डॅशबोर्डवर ठेवला.

"हे काय आता?"

"पेला सांडला न्हाई, तर माणसाला लागणार न्हाई."

"वैष्णवी भाग्याची हाय. आमच्याकडं तर बापानं लेकीला वाटंला लावताना चहा पाजला तरी लय." सिद्धोधन हसत स्टिअरिंगवर बसला.

ते वाडीच्या रस्त्याला एक किलोमीटर आत जाऊन आले. परतताना डॅशबोर्डवर चहाचं तळं झालं होतं.

"काल कुणीतरी वरून डांबर फिरवलंय," सिद्धोधन म्हणाला. "खड्डे दिसत न्हाईत आता. लागतेत मात्र तेवढेच." त्याने फडक्याने चहा टिपला. "शॉकप बरोबर हायत. गाडीच रिकामी हाय, म्हणून मागून उडती. हौद्यात चार क्विंटल वजन टाका, चाकांच्या बरोबर वर. स्प्रिंगचे पाटे दबले की गाडी गादीवानी चालंल."

"काय टाकू?"

"वाळू, खडी, घरी असंल ते. पोत्यात भरून."

"खडी हाय," तात्यारावांचा चेहरा उजळला. "लय हाय."

त्यांनी खिशात हात घातला. सिद्धोधनने मान हलवली. "शॉकपचे तेवढे द्या. मजुरी न्हाई घ्यायचो मी. लेकरू सुखरूप येऊ द्या म्हणजे झालं."

तात्यारावांनी आग्रह धरला नाही. कुणाच्या चांगुलपणाला आडवं जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पिकप वाडीतून निघाली. पेला काठोकाठ होता. पहिल्या वळणावर चहा थरथरला, ओढ्याच्या पुलावर काठाला लागला, आणि परत फिरला. तात्याराव वीसच्या वेगाने चालवत होते. सातव्या किलोमीटरला फाटा दिसला तेव्हा डॅशबोर्ड कोरडा होता आणि त्यांचं मन, फार दिवसांनी, भरून आलं होतं.

गॅरेजपुढे सिद्धोधन उभा होता. शेजारी रोहिणी. तिच्या हातात घडी घातलेलं लहानसं दुपटं होतं, कधीच न वापरलेलं. वैष्णवीला द्यायला म्हणून ती गाडीच्या खिडकीशी आली आणि आत वाकली.

आत रस्त्याच्या तपासणीचे साहेब बसले होते. पलीकडच्या गावची पाहणी उरकून ते कालव्याच्या वाटेने सकाळीच वाडीत उतरले होते. कंत्राटदाराच्या मोटारीत ते तत्त्व म्हणून बसत नसत. रस्ता नेहमी शेतकऱ्याच्या पिकपमधून पाहत, आणि डोळे फसतात म्हणून भरल्या पेल्यावरच विश्वास ठेवत. त्यांनी न सांडलेला चहा घोटाघोटाने संपवला आणि रस्ता उत्तम असल्याच्या कागदावर सही केली. कागदावर कंत्राटदार म्हणून तात्यारावांच्या जावयाचं नाव होतं. वैष्णवीला तात्यारावांनी महिन्यापूर्वीच परभणीत दवाखान्यासमोर खोली घेऊन दिली होती, कारण तो रस्ता कसा केलाय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मागच्या हौद्यात, पोत्यांत नीट भरून, चार क्विंटल खडी होती, त्याच रस्त्यात घालायची राहिलेली.