नवलची शेवटची चढाई

शिरपूरच्या आमच्या कबड्डी मंडळाने स्थापनेपासून धुळ्याला कधी हरवलं नव्हतं. आज बरोबरी होती आणि शेवटची चढाई नवलची.

"दम नको सोडू रे भो!" सगळं मैदान ओरडत होतं. बायको गेल्यापासून मीही पहिल्यांदाच ओरडलो. पोरांना दम धरायला तीच शिकवायची.

नवलने गड्याला शिवलं, पण धुळेकरांनी त्याला आडवा पाडला, तोंड मातीत दाबलं. तरी "कबड्डी, कबड्डी" ऐकू येतच होतं. पंच शिट्टी कशी वाजवणार? नवलचा हात मध्यरेषेला लागला. जिंकलो!

पोरं नाचायला लागली. नवल धापा टाकत म्हणाला, "आबा, माझा दम तर खालीच तुटला होता."

माझ्या कानाशी बायकोचा आवाज अजून एकाच दमात चालला होता, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."