जळका वास

"काका, वरच्या लाल दिव्याकडे बघत राहा. डोळा अजिबात हलवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

औषधानं डोळा बधिर केला होता, त्यामुळे दुखत नव्हतं. एरवी रोज सकाळी पापणी बुबुळाला चिकटायची आणि उघडताना वरची पातळ साल सोलून निघायची. बायको होती तेव्हा ती आधी उठून थेंब घालायची. "थांबा हो, जग कुठं पळून चाललंय?" म्हणायची. ती गेल्यापासून जाग आली तरी मी भीतीनं डोळे मिटूनच पडून राहायचो. म्हणून हा लेझर.

मशीन टकटकू लागलं आणि नाकात वास शिरला, केस जळल्यासारखा. हाच वास मार्चमध्ये आला होता, तिला अग्नी दिल्यावर. हाताला जे लागलं ते मी घट्ट धरलं.

"बाई, काहीतरी जळतंय!"

मशीन थांबलं. "घाबरू नका. खराब झालेला थर उडतोय, त्याचा वास आहे. खालून नवा येईल, तो घट्ट बसेल. थोडंच राहिलंय. करू ना पुढं?"

मान हलवायची नव्हती, म्हणून "करा" एवढंच म्हणालो. स्मशानात भावानं मला खांद्याला धरून चितेपासून लांब नेलं होतं. इथं उठून कुठं जाणार? वास पुन्हा आला. मी दिव्याकडे बघत राहिलो.

"काका," शेजारी उभी असलेली सिस्टर हळूच म्हणाली, "माझा हात जरा सैल धरा."