उन्हाळ्याचे आकडे

बोलणी सुरू व्हायच्या आधी दोघी हात धुताना शेजारी शेजारी आल्या.

“अगं, केवढी जाड झालीस तू,” मैत्रीण म्हणाली आणि ओल्या हातांनीच तिला मिठी मारली. “संध्याकाळी सटकू नकोस. जेवायला जाऊ.”

दोघींनी एकाच प्राध्यापकांच्या हाताखाली, एकाच नदीवर डॉक्टरेट केली होती. भर उन्हात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून प्रवाह मोजायचा. एकीने दोर धरायचा, दुसरीने आकडे ओरडायचे. प्राध्यापक त्यांना बेडक्या म्हणत. नदी दोघींच्या देशांतून वाहायची. धरण वर, तिच्या देशात. खालची गावं मैत्रिणीच्या देशात. आज दोघी आपापल्या बाजूच्या सल्लागार होत्या, आणि तिची तर ही पहिलीच खेप.

बैठकीत मैत्रिणीने दोघींनी तेव्हा मोजलेले तेच आकडे मांडले. उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडलं नाही, तर खाली प्यायलासुद्धा पुरत नाही, हे त्यातून लख्ख दिसत होतं.

तिच्या देशाच्या सचिवांनी तिच्याकडे मान वळवली. येताना गाडीत ते म्हणाले होते, नदी आयोगावर एक जागा रिकामी होतेय, तुमचं नाव डोक्यात आहे. आता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मोजताना तुम्हीही होतात. आकडे भरवशाचे आहेत का?”



“साधनं विद्यार्थ्यांची होती,” ती म्हणाली. “त्यांवर करार बेतणं घाईचं ठरेल.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मैत्रिणीने वर पाहिलं नाही. पुढ्यातले कागद तेवढे गोळा केले. उन्हाळी पाण्याचा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

“पुढे जाणार तुम्ही,” सचिव उठता उठता म्हणाले.

तिने मैत्रिणीला लिफ्टपाशी गाठलं.

“जेवायला कुठे जायचं?”

“जमणार नाही हो. आमची माणसं थांबली आहेत.”

लिफ्टचं दार उघडलं. आत एकाच माणसापुरती जागा होती. मैत्रीण बाजूला सरली, अगदी अदबीने.

“आधी तुम्ही,” ती म्हणाली.