कोपऱ्यावरचा गाळा

साळुबाई उंबऱ्याबाहेरच टेकली आणि टोपलीतली मेथीची जुडी तिने आत सरकवली. शेठ भेटला का, असं जोहराबीने विचारलं. साळुबाईने आधी पाणी मागितलं.

"भेटला," ती सावकाश म्हणाली. "बगू म्हणला. मोठ्या लोकांचं बगू लई लांब असतंय, बाई."

जोहराबीच्या मांडीवर आमिना दूध पिता पिता झोपली होती. तिच्या ओठावर बसलेली माशी जोहराबीने पदराने हाकलली. नवरा, महंमद हनीफ, जाऊन महिना होत आला होता. चार महिने आणि वर दहा दिवस तिला घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं, परक्या पुरुषासमोर यायचं नव्हतं. इद्दत ती, पाळायलाच हवी. आणि नेमक्या त्याच दिवसांत जुन्नरच्या बाजारात भगवंतशेठ नवे गाळे वाटत होता.

बाजारपेठ वाढवायची आणि ती पुण्यासारखी दिसली पाहिजे, असं शेठने मनावर घेतलं होतं. जुन्या ओळीला जोडून दगडी जोत्याचे गाळे उठले होते, आत गुळगुळीत फरशी. मिलच्या कापडाचं दुकान येणार होतं, घड्याळवाला येणार होता, चिनी मातीची भांडी, शिलाईची यंत्रं, शिवाय एक फोटो काढणारा. मोठ्या घरच्या बायका स्वतः खरेदीला उतरतील अशीच दुकानं हवीत, हा त्याचा हेका. गोणपाटावर भाजी मांडणाऱ्यांना तिथून उठून कुकडी नदीच्या काठी जायचं होतं. त्यांत साळुबाईही आली.

"माजं काय," ती म्हणायची, "वांगी फरशीवर ठिवली म्हून काय किडायची ऱ्हात्यात व्हय?"

कोपऱ्यावरचा गाळा बांगड्यांसाठी राखलाय हे गावाला ठाऊक होतं. तो कुणाला, एवढंच ठरायचं होतं. तो आपल्याला मिळावा, असं हनीफने जिवंतपणी शेठच्या कानावर घातलं होतं. आता जोहराबीचं आणि लेकराचं सगळं त्या गाळ्यावर होतं. हनीफला भाऊ नव्हता. मोहल्ल्यातल्या बायका येत, डोळे पुसत, पण दुखवट्याच्या घरात बाजाराची गोष्ट कोण काढणार? शेठकडे निरोप न्यायला साळुबाईच. जुन्या बाजारात दोघी वर्षानुवर्षं शेजारी बसत आल्या होत्या, बांगड्यांचं टोपलं आणि भाजीचं टोपलं कडेला कड लावून.

गिऱ्हाईक तुटेल ही दुसरी धास्ती. नुकत्याच विधवा झालेल्या बाईच्या दारी चुडा भरायला कोण सवाष्ण येणार? त्यावर साळुबाईनेच तोड काढली. आपली सून भागू तुझ्या जागेवर बसेल, तुझाच माल विकेल. तू फक्त तिला शिकव.

भागू रोज दुपारी येऊ लागली. साळुबाईचा राठ हात मध्ये घेऊन जोहराबी तिला दाखवी. पाची बोटं अशी जुळवायची. अंगठ्याखालचं हाड हळूच आत दाबायचं. बांगडी ढकलायची नाही, फिरवत न्यायची. सुरुवातीला भागूच्या हातून काचा फुटायच्या आणि साळुबाई सुनेला लाखोल्या वाहायची.

"दुखलं का, असं कदी इचारू नगं," जोहराबी भागूला सांगे. "इचारलं की दुखतंय. माहेरचं इचार. ती बोलंस्तवर बांगडी हातात जाती."

भागू शिकली. जोहराबीने तिला हनीफची खुबीही दिली, कोणत्या रंगाच्या हाताला कोणती काच द्यायची ती. हनीफला ती त्याच्या बापाने दिली होती. आमिना मोठी झाल्यावर तिला द्यायची होती, पण एवढ्या मायेने राबणाऱ्या पोरीपासून काय राखायचं?

विक्रीचे पैसे भागू चोख आणून देई. शेठचं उत्तर मात्र येत नव्हतं. साळुबाई कधी म्हणे तो गावाला गेलाय, कधी म्हणे गर्दीत होता. जोहराबीकडे न बघता आमिनाला उचलून घेई, तिच्या टाळूला तेल घाली.

एका सकाळी बाजाराकडून वाजंत्री ऐकू आली. जोहराबीने विचारलं तर साळुबाई म्हणाली, वरात असंल कुणाची. लग्नसराई नव्हती. दोघींनाही ते माहीत होतं.

जोहराबीने चुलीवरचा तवा उतरवला आणि साळुबाईच्या समोर येऊन बसली.

"गाळे उघडले ना, अक्का? मला न्हाई मिळाला."

साळुबाईची मान खाली गेली. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"मला वाईट वाटंल म्हून इतके दिस पोटात ठिवलंत," जोहराबी म्हणाली आणि स्वतःच्या पदराने तिचे डोळे पुसले. "शेठच्या दारात किती खेटे घातले असतील तुमी. सख्खी बहीण असती तर तिनंबी केलं नसतं. रडू नका."

साळुबाई आणखीच रडली. त्या दिवशी जोहराबीने तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

इद्दत सरली त्या सकाळी जोहराबी न्हाली, पांढरं नेसली, ओढणी चेहऱ्यावर ओढली आणि आमिनाला कडेवर घेऊन बाजारात गेली. नव्या ओळीत आरशांची कपाटं झळकत होती. घड्याळवाल्यापुढे तिघीचौघी उभ्या होत्या, जोडे बाहेर काढून. कोपऱ्याकडे तिने मान वळवली नाही. तिथे कोण बसलंय हे बघायची तिची छाती नव्हती.

भगवंतशेठ कापडाच्या दुकानात होता. तिला ओळखताच तो गादीवरून उठला. हनीफसारखा माणूस होणे नाही, म्हणाला. पोरीच्या हातावर त्याने खडीसाखर ठेवली.

"शेठ, गाळा मागाया न्हाई आले," जोहराबी म्हणाली. "कोपऱ्याच्या पायरीखाली टोपलं ठेवू द्या. तुमच्या गिऱ्हाइकाच्या वाटंत येणार न्हाई."

शेठने हातातली खडीसाखरेची पुडी खाली ठेवली.

"पायरीखाली कशाला? हनीफला माती दिली त्याच आठवड्यात मी गाळा तुला दिला होता. चुडा फुटला, आता बांगडीला हात लावायचा नाही, असा निरोप तूच धाडलास. मी तुझ्या दुःखाचा मान राखला, पोरी. आणि मग गाळा साळूच्या सुनेला द्या, हेही तूच कळवलं होतंस ना?"