पायाखाली काय?

“जिंकलास तर तुझे पाय धुईन, खामपुन! भर विहारात, गावासमोर!” बुनलाय म्हणाला आणि चिकट भाताचा गोळा तोंडात कोंबून हसत सुटला.

आईबापांचे सोडून दुसऱ्या कुणाचे पाय त्या गावात कुणी धुवत नाही. कुंपणापलीकडची शेजारीणसुद्धा कान टवकारून उभी राहिली.

भंते रोज सकाळी गावाला ध्यानासाठी अनवाणी उभं करायचे. डोळे मिटा, तळव्यांनी माती ओळखा, म्हणायचे. पैज त्यावरच लागली. खामपुनने डोळे बांधून विहाराच्या आवारात चालायचं आणि भंते थांबवतील तिथे पायाखाली काय आहे ते सांगायचं.

“आणि चुकलास तर?”

“तर पोरीबरोबर तिच्या शहरात, चोनबुरीला राहायला जातो. मग तर झालं?”

खामपुनची पोरगी वांदी पायरीवरच बसली होती. बापाची पिशवी तिने कालच भरून ठेवली होती. आई गेल्यापासून बाबा सारखे अडखळून पडत होते. परवा एक चप्पल शेतातल्या चिखलात राहिली आणि हे दुसरीवरच घरी आले.

“लक्ष नव्हतं गं,” खामपुन म्हणाला. “तुझ्या आईचा विचार चालला होता.”

“जिंकलात तर राहा इथेच,” वांदी म्हणाली. “शब्द देते. पण हरलात तर मुकाट्याने गाडीत बसायचं.”

सकाळी कडाक्याची थंडी होती. खामपुन नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी येऊन आवार झाडून बसला होता. बुनलायने त्याच्याच चौकड्यांच्या पंच्याने त्याचे डोळे बांधले.

“दिसतंय का काही?”

“तुझं थोबाड दिसत नाही. बरं वाटतंय.”

भंते सावकाश बोलू लागले. “श्वास सोडा. टाच टेकवा, मग बोटं. सगळा भार खाली जाऊ द्या. धरणीने तुम्हाला धरलंय. तिला धरू द्या.”

खामपुन चालू लागला. भंते म्हणाले, “थांब. काय आहे?”

वर स्तूपाच्या घंट्या किणकिणत होत्या. खामपुनने मान जराशी कलती केली. “वाळू. बारीक, कोरडी.”

बायका कुजबुजल्या. पुढे पिंपळाची पानं सळसळत होती.

“आता?”

“मूळ. बाजूला ओल आहे.”

शेवटी भंतेंनी त्याला रांजणांपाशी थांबवलं. तोटीतून थेंब टपकत होते. खामपुनने त्या आवाजाकडे मान कलती केली.

“सिमेंट,” तो म्हणाला. “गार. शेवाळलेलं.”

टाळ्या पडल्या. “मलासुद्धा इतकं जमत नाही,” भंते म्हणाले. वांदीने डोळे पुसले, सोबत आणलेली पिशवी उघडली आणि बापाचे कपडे एकेक करून बाहेर काढायला लागली.

“पट्टी राहू दे रे,” बुनलाय म्हणाला. “राजासारखा बस. डोळे उघडलेस तर मलाच लाज वाटेल.”

खामपुन बाकावर बसला. बुनलायने त्याचे पाय परातीत ठेवले. हरला होता खरा, पण सरळ हरेल तर तो बुनलाय कसला! त्याने विहाराच्या चुलीवरची चहाच्या पाण्याची किटली हळूच उचलली. थोडं गार मिसळलं. भाजायला नको, पण गडी टुणकन उडायला हवा. बोट बुडवून पाहिलं, झटकन मागे घेतलं आणि सगळ्यांना डोळा मारला.

बायकांनी तोंडावर हात धरले. बुनलायने पाणी ओतलं.

वाफ खामपुनच्या गुडघ्यांपर्यंत चढली. पाय हलले नाहीत. हसू जागच्या जागी विरलं. वांदी हातात सदरा घेऊन तशीच उभी राहिली.

पाण्याचा आवाज ऐकून खामपुनने मान कलती केली, खांदे आखडले आणि दात वाजवले.

“हू हू हू! काय गार आहे रे! रांजणातलं ओतलंस होय, लेका?”